माणसं आवाज खातात

माझ्या सासूबाईंच्या पायांचा मला भयंकर राग होता. माणसाच्या बोलण्याचा राग येतो, वागण्याचा येतो, पण पायांचा? मला यायचा. जेवायला बसलं की टेबलाखाली ते पाय चालू. चवडा, टाच, चवडा, टाच. डावा पाय उजव्याच्या मागून पार पलीकडे जाणार, माझ्या पायावर पडणार, आणि वर बघावं तर बाई शांतपणे घास चावतायत, नजर भिंतीवर.

"आई, पाय!" मी ओरडायचे.

"हो गं, हो," म्हणायच्या. दोन घास होईतो पाय गप्प बसायचे आणि परत सुरू.

एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुमच्याकडे रोज सामान हलवतात का हो?" मी काय सांगणार? सामान नाही काकू, सासू आहे.

सासूबाई आमच्या भागातल्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन वाजवायच्या. पाइप ऑर्गन म्हणजे मांडीशी घ्यायची पेटी नव्हे. वरच्या सज्ज्यात अख्खी भिंत भरून नळ्या, काही माझ्या करंगळीएवढ्या, काही विजेच्या खांबाएवढ्या. हातांसाठी पट्ट्यांच्या ओळी, एकीच्या वर एक. आणि खाली पायांसाठी लांब लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ. म्हणजे हात वाजवतात ते वाजवतातच, पाय त्याच वेळी वेगळं काहीतरी वाजवतात, आणि जमीन हलवणारा तो जाड आवाज पायांचाच असतो. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लग्न केलं नसतं असं नाही, पण जेवणाचं टेबल रुंद घेतलं असतं.

पाय नुसते हलले असते तरी मी सोडून दिलं असतं. पण बाईंनी स्वयंपाकघराच्या फरशीवर काळी चिकटपट्टी लावून त्या पायांच्या पट्ट्या आखल्या होत्या. स्टुलावर बसून तिथे सराव. मी फरशी पुसली की चिकटपट्टी सुटायची, आणि ती सुटली की भांडण. "तुला पुसायला दुसरी जागा नाही का?" म्हणायच्या. स्वयंपाकघराची फरशी पुसायला दुसरी जागा! मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका रचनेसाठी. बाकीचं सगळं त्यांना झोपेत यायचं. लग्नाचं, मयताचं, रविवारच्या प्रार्थनेचं. पण ही एक रचना कुणा जुन्या संगीतकाराने, मला विचाराल तर, माणसाला दोनच हात आणि दोनच पाय असतात हे विसरून लिहिली होती. माझा नवरा तिला 'आईचा आजार' म्हणायचा. कामावरून आला की विचारायचा, "काय, आजार कसा आहे आज?" आणि उत्तर न ऐकता टीव्ही लावायचा.

सासूबाई संगीताच्या शाळेत वगैरे गेलेल्या नाहीत. तरुणपणी लाँड्रीत कामाला लागल्या आणि केस पांढरे झाल्यावर तिथूनच सुटल्या. मोठं वाफेचं प्रेस असायचं, त्याचं झाकण पायाने दाबून खाली आणायचं, हातांनी कापड ताणून धरायचं, आणि तोंडाने काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला "उद्या संध्याकाळी नक्की" सांगायचं. सासरे लवकर गेले. माझा नवरा तिथेच मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर झोपून मोठा झाला. चर्चमध्ये तेव्हा जे ऑर्गन वाजवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत, त्यांचे शर्ट या लाँड्रीत यायचे. मास्तर एक दिवस काउंटरशी उभे राहून बघत होते, आणि म्हणाले, "बाई, तुमचा पाय ठेक्यात पडतो. आणि तुमचं लक्ष एका वेळी तीन ठिकाणी असतं. माझ्या शिष्यांचं एका ठिकाणीही नसतं." त्यांनी शिकवलं. मास्तर गेल्यावर ऑर्गनचं बाक यांच्याकडे आलं.

ती रचना मास्तरांनीच वाजवली होती. सासूबाई शर्ट पोचवायला गेल्या होत्या, चर्च रिकामं होतं, आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. शर्ट द्यायचे विसरून तसेच परत घेऊन आल्या. "तेव्हाच ठरवलं," त्या सांगायच्या, "डोळे मिटायच्या आधी ही एकदा शेवटपर्यंत वाजवायची. माणसांसमोर. बसलेल्या माणसांसमोर."

'बसलेल्या' म्हणायच्या तेव्हा दात आवळलेले असायचे. त्याचं कारण असं की आमच्याकडे ऑर्गनचं मोठं वादन येतं ते सगळ्यात शेवटी. फादरांचा शेवटचा शब्द झाला की ऑर्गन सुरू होतो आणि त्याच क्षणी लोक उठतात. रीतच आहे ती. बाकं सरकतात, इतका वेळ दाबून धरलेले खोकले सुटतात, "काय म्हणता, बऱ्याच दिवसांनी" सुरू होतं. वाजवणारीची पाठ लोकांकडे. पण पट्ट्यांच्या वर एक आरसा आहे, जुन्या ट्रकचा, मास्तरांनी फादरांकडे लक्ष ठेवायला बसवलेला. "मी आयुष्यभर त्या आरशात लोकांच्या पाठी बघत आले," सासूबाई म्हणायच्या. "लाँड्रीत निदान तोंडं तरी दिसायची."

आता मी यात कशी सापडले ते सांगते. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी मुठीच्या खुंट्या असतात. ही ओढली की बासरीसारख्या नळ्या बोलतात, ती ओढली की कर्ण्यासारख्या. एरवी सासूबाई वाजवता वाजवता स्वतःच ओढायच्या. पण या रचनेत हात एक क्षण मोकळा होत नाही, म्हणून शेजारी उभं राहून खुंट्या ओढायला दुसरं माणूस लागतं.

"तुमच्या मुलाला न्या की," मी म्हटलं.

"त्याच्या हातात जोर आहे, डोक्यात नाही," स्वतःच्या मुलाबद्दल बाई म्हणाल्या. "तू पाणीखात्याच्या तक्रारखिडकीवर बसतेस. शिव्या खात खात बरोबर जागी शिक्का मारतेस. तुला जमेल."

"आई, मी सून आहे, तुमची शागीर्द नाही!"

असं म्हटलं आणि गेले. न जाऊन सांगते कुणाला? दुखरे गुडघे घेऊन एकट्या त्या अरुंद जिन्याने वर गेल्या असत्या, आणि मला ते आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. पहिल्याच दिवशी मी भलतीच खुंटी ओढली. अख्खं चर्च किंचाळलं. सासूबाई बाकावरून उडाल्याच, आणि त्यांनी मला जी शिवी हासडली ती मी तक्रारखिडकीवरसुद्धा कधी ऐकली नव्हती. मी पर्स उचलून निघाले. जिन्यात पोचले तर वरून हाक आली, "शिवी परत घेते. खुंटी परत आत ढकल."

हळूहळू जमायला लागलं. त्यांनी मान हलवली की ओढायचं, तोवर पुतळा. मला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक गोष्ट खटकायची. घरी फरशीवर पाय भराभर पडायचे आणि इथे बाई एवढ्या रेंगाळत का वाजवतात?

"चर्च रिकामं आहे ना," त्या म्हणाल्या. "रिकाम्यात आवाज लवकर विझत नाही. एक सूर भिंतीला लागून परत येतो आणि तोवर तू दुसरा सोडलास, की नुसता गोंधळ. रविवारी लोक असतात तेव्हा पळवता येतं. माणसं आवाज खातात गं. कोट, पर्सा, पोटं, सगळं आवाज खातं."

"लोक फुकटचं काहीही खातात," मी म्हटलं. त्या मोठ्याने हसल्या. त्या सज्ज्यात आम्ही दोघी एकत्र हसलो ती पहिलीच वेळ.

पण म्हणून माझा राग गेला असं कुणी समजू नये. एक दिवस खिडकीवर एका गृहस्थाने नळाचं गढूळ पाणी बाटलीत भरून आणलं आणि माझ्या टेबलावर ओतलं. तसल्या ओल्या साडीने मी थेट चर्चमध्ये आले, आणि तिथे बाईंचं चालू, परत पहिल्यापासून, परत पहिल्यापासून. माझा बांध फुटला. "काय आहे एवढं यात? एक सूर निघतो, दुसरा त्याच्या मागे तेच बडबडत निघतो, तिसरा त्याच्या मागे, मग पाय. सगळे एकदम बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. माझ्या खिडकीवर हेच असतं रोज! त्याच्यासाठी जिने चढायला लागत नाहीत!"

मला वाटलं आता जुंपणार. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या.

"लाँड्रीत मी काय केलं सांग," म्हणाल्या. "पायाने प्रेस, हाताने कापड, तोंडाने गिऱ्हाईक, आणि एक कान पोरगं तिकडे रडतंय का त्याच्याकडे. चार कामं, चारही अर्धवट. एकाची कॉलर जळायची, दुसऱ्याला उलट उत्तर जायचं, आणि पोरगं गाठोड्यावरून पडायचं. घरी येऊन वाटायचं, दिवसभर केलं काय मी? चार बाजूंनी फाटले नुसती. इथेही तेच आहे बघ. उजवा हात एक बोलतो, डावा दुसरं, पाय तिसरंच. पण कुणी कुणाला पाडत नाही. एकाच्या हातून सुटलेलं दुसरा उचलतो, पुढे नेतो. आणि शेवटच्या पानावर सगळे एका जागी येऊन बसतात. मला ते एकदा लोकांना ऐकवायचंय. बाई चार ठिकाणी असते म्हणजे ती विस्कटलेलीच असते असं नाही."

माझ्या पर्समध्ये मोबाइल वाजत होता. घरून नवरा विचारत होता की भाजीत मीठ घातलंय का. चाखून बघ म्हणावं! मी फोन बंद केला आणि खुंटीवर हात ठेवून उभी राहिले. मला राग आलेलाच होता, फक्त आता तो कुणावर काढावा ते कळेना.

मग ते कळायची वेळ आली. चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष एक दिवस घरी आले. फार मऊ बोलणारे गृहस्थ. कधी आवाज चढवणार नाहीत, कधी नाही म्हणणार नाहीत. असल्या माणसांची मला धास्तीच वाटते. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, नवीन वादक नेमलाय, तरुण आहे, शिकलेला आहे, बाईंनी आता गुडघ्यांकडे बघावं, आराम करावा. शेवटच्या रविवारी छान निरोप समारंभ करू. "त्या दिवशी तुम्हाला हवं ते वाजवा."

सासूबाईंनी आरामाचं ऐकून घेतलं, चेहरा हलू दिला नाही. मग म्हणाल्या, "मला ती मोठी रचना वाजवायचीय. प्रार्थनेच्या मधे, लोक बसलेले असताना."

"मधे? अहो, लांबलचक आहे ना ती? मुलं कंटाळतात, चहा खोळंबतो."

"मग शेवटी. पण लोकांना बसून राहायला सांगा."

"एवढंच ना! त्यात काय! मी स्वतः सांगतो. शब्द देतो बाई तुम्हाला."

ते गेल्यावर मी म्हटलं, "आई, याच्यावर विसंबू नका. 'उद्या पाणी येणार' म्हणून लोकांना सांगायला आमचे साहेब असाच आवाज काढतात."

"तुला सगळे चोरच दिसतात," म्हणाल्या आणि बूट पुसायला बसल्या. ऑर्गनचे त्यांचे बूट वेगळे होते, पातळ तळाचे, पट्टी पायाला कळावी म्हणून. रस्त्याला कधी न लागलेले. कापडी पिशवीतून जायचे आणि पिशवीतूनच यायचे.

तो रविवार आला. चर्च भरलेलं. नवरा पुढच्या बाकावर, आईने इस्त्री केलेल्या शर्टात. प्रार्थना संपली, फादर बाजूला झाले, आणि अध्यक्ष माइकशी आले. सासूबाई वर ऑर्गनच्या बाकावर बसलेल्या होत्या. तिथे नळ्यांना हवा पुरवणाऱ्या पंख्याच्या घरघरीत खालचं बोलणं कळत नाही. मी पुढे कठड्याशी होते, मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आज आपल्या लाडक्या बाईंचा शेवटचा रविवार," ते म्हणाले. "त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम बाहेर अंगणात ठेवलाय, चहाही तिथेच आहे. तर सर्वांनी लगेच बाहेर यावं, म्हणजे बाई खाली येतील तेव्हा टाळ्या वाजवायला आपण सगळे तयार असू."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मेल्याने बसा म्हणायच्या ऐवजी उठा म्हणून सांगितलं! तेही तिच्याच नावाने!

मागून सासूबाईंनी विचारलं, "सांगितलं का गं त्यांनी?"

मी वळले. बूट पट्ट्यांवर तयार, हात तयार. काय सांगू?

"सांगितलं," मी म्हटलं. आणि जागेवर येता येता तो ट्रकचा आरसा छताकडे फिरवून टाकला.

"हे काय?"

"उजेड येतो त्यातून तुमच्या डोळ्यांवर. फादर गेले, आता आरशाचं काय काम?"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुरुवात केली.

चांगली सुरुवात केली. पहिलं पान त्या पळवतच होत्या, भरलेल्या चर्चला पळवावं तसं. मान हलली, मी ओढलं. मान हलली, मी ढकललं. मधे सवड मिळाली की कठड्यावरून खाली बघायचे, आणि प्रत्येक वेळी बाकं आणखी मोकळी दिसायची. मागच्या ओळी आधी गेल्या, मग मधल्या. हसत, बोलत, एकमेकांना वाट देत. पायांची जागा आली, जिथे हात पूर्ण थांबतात आणि नुसते पायच वाजवतात, ज्याच्यासाठी माझ्या स्वयंपाकघराचं वाटोळं झालं ती जागा. तेव्हा माझा नवरा उठला. वर बघून हात हलवला, सुटलेल्या एसटीला टाटा करतात तसा, आणि गेला. स्वतःच्या आईला टाटा!

सासूबाई आता सावकाश झाल्या होत्या. पानागणिक आणखी सावकाश. दमल्या, मला वाटलं, गुडघे बोलायला लागले असणार. मनात म्हणत होते, रेटा आई, आता थोडंच राहिलंय. त्यांनी रेटलं. शेवटच्या पानावर सगळे आवाज एका जागी आले, त्यांनी तो सूर धरून ठेवला, आणि हातपाय उचलले. सूर भिंतींमधून फिरत फिरत गेला. खाली एक बाक वाजलं नाही, एक खोकला नाही.

"किती जण राहिले?" त्यांनी विचारलं.

"बरेच आहेत."

"खोटं बोलू नकोस." आवाज अगदी साधा होता. "सुरुवातीला चर्च भरलेलं होतं. मग भिंती परत बोलायला लागल्या. जसजसे गेले तसतशी मी सावकाश केली, नाहीतर सगळं एकमेकांत गेलं असतं. पायांच्या जागेला पुढचं बाकही रिकामं झालं. शेवटाला कुणीच नाही, फादरसुद्धा नाहीत. आरसा फिरवून काय होतं गं? मी काय डोळ्यांनी वाजवते?"

त्या दमल्या नव्हत्या. एकेक माणूस उठून गेलेलं त्यांनी ऐकलं होतं, आणि वाजवता वाजवता त्या लोकांचं जाणंसुद्धा सांभाळून घेतलं होतं. जाणाऱ्यांना पत्ता नाही, आणि ही त्यांच्यासाठी चाल बदलतेय!

त्या वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. "असू दे. चल. चहा गार होईल त्यांचा."

"बूट काढायचे नाहीत," मी म्हटलं.

"अगं—"

"हलायचं नाही इथून!"

जिना मी कसा उतरले मला माहीत नाही. दार ढकललं तर अंगणात टाळ्यांचा कडकडाट. "आल्या, आल्या!" मग मी दिसले आणि टाळ्या विरत गेल्या. टेबलावर कप, बशा, पुष्पगुच्छ, चकचकीत कागदात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ. अध्यक्ष भाषणाच्या तयारीत.

"बाई कुठायत?" ते म्हणाले.

"वर आहेत. तुम्ही टाळ्यांची तयारी करत होतात तेव्हा आत वाजवत होत्या."

"हो हो, इथपर्यंत छान येत होता की आवाज. अगदी प्रसन्न वाटत होतं."

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता. 'बसा' एवढंच म्हणायचं होतं. जीभ झडली होती का?"

मागून कुणी बाई म्हणाल्या, "मोठ्या माणसांशी असं बोलतात का?"

"मी खिडकीवर रोज याहून वाईट ऐकून घेते," मी म्हटलं, "आज तुम्ही ऐका. तिने आयुष्यभर तुमची लग्नं वाजवली, तुमची मयतं वाजवली. तुमच्या नवऱ्या वेळेवर आल्या नाहीत तेव्हा एकच चाल फिरवून फिरवून वाजवत बसली. एकदा, एकदाच म्हणाली की बसा. घड्याळ देताय तिला? तुम्हाला वेळ नव्हता म्हणून तिला घड्याळ?"

मग माझा नवरा पुढे आला, हातात बिस्किट. "अगं जाऊ दे ना, लोकांसमोर तमाशा कशाला—"

मी त्याचं मनगट धरलं. "तू चल."

"कुठे?"

"वर. आईने एका पायाने प्रेस दाबत तुला वाढवलंय. तू जरा तिच्या खुंट्या ओढ."

बिस्किट बशीत पडलं. मी त्याला तसाच ओढत जिन्यावरून नेला. सासूबाई होत्या तिथेच होत्या, एक नाडी सुटलेली.

"ही आधी, मग ही, मग या दोन्ही, मग ही आत," मी त्याला दाखवलं. "आई मान हलवतील तेव्हाच. तोवर श्वाससुद्धा जपून घे."

"अगं मी दमलेय," सासूबाई म्हणाल्या. या वेळी खरंच दमल्या होत्या.

"माहितीय. एकदा."

"आणि तू कुठे चाललीस?"

"खाली. बसायला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वाकून नाडी बांधली. आरसा त्यांनी स्वतःच्या हाताने खाली वळवला.

मी पुढच्या बाकावर मधोमध जाऊन बसले. इतके महिने मी त्या रचनेच्या शेजारी उभी होते आणि ती ऐकली नव्हती. वर असताना पट्ट्यांची खटखट ऐकू येते, खुंट्यांची, स्वतःच्या श्वासाची. इथे त्यातलं काही नव्हतं. एक सूर निघाला. दुसरा त्याच्या मागून तेच म्हणत निघाला, पण तेच नव्हतं, तो पहिल्याला काहीतरी विचारत होता. माझं डोकं अजून अंगणातच भांडत होतं. अजून काय काय बोलायला हवं होतं ते आठवत होतं. कॉलर आठवत होत्या, गढूळ पाणी आठवत होतं. आणि मग पाय आले. कानात नाही, आधी बाकात आले, तिथून माझ्या पाठीत. चवडा, टाच, डावा उजव्याच्या मागून पलीकडे. मला पुढचं प्रत्येक पाऊल आधी कळत होतं. कळणारच. रोज जेवताना ते माझ्याच नडगीवर वाजलं होतं. मी रडले का? रडले. रागाने रडले. एवढं सगळं चालू असताना लोक चहा कसे पितात?

मधेच मागचं दार उघडलं. "ताई, लोक थांबलेत—" अध्यक्षांचा आवाज. मी मान न वळवता हात वर केला, तळवा त्यांच्याकडे. दार लागलं. ते आत राहिले की बाहेर, मी बघितलं नाही.

सगळे आवाज शेवटी एका जागी आले. सूर विझेपर्यंत मी टाळी वाजवली नाही. मग त्या दोघांची वाट बघत बसले. ती दोघं हळूहळू खाली आली. बुटांची पिशवी नवऱ्याच्या हातात, आईचा हात त्याच्या दंडावर. त्याचा चेहरा उतरला होता.

"आईचे पाय बघितलेस का गं तू?" तो मला म्हणाला. मला!

"याने एक खुंटी उशिरा ओढली," सासूबाई म्हणाल्या.

"कळलं मला."

"आणि शेवटचा सूर मघाशी जेवढा रेंगाळला ना, तेवढा आत्ता नाही रेंगाळला. जरासा आधी विझला." त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. "कुणीतरी खात होतं."

एका माणसाने एवढ्या मोठ्या चर्चमध्ये असा काय फरक पडणार? भिंती केवढ्या, मी केवढी. मला पटलं नाही. पण मी वाद घातला नाही. आम्ही बाजूच्या दाराने घरी आलो. घड्याळ दुसऱ्या दिवशी कुणीतरी दाराशी ठेवून गेलं, ते अजून कागदातच आहे.

त्या रात्री जेवायला बसलो. मी दोन घास घेतले. काहीतरी चुकत होतं. काय ते मला लगेच कळलं नाही, मग कळलं.

"आई, पाय!" मी ओरडले.

त्या दचकल्या. "अगं, हलवले कुठे मी?"

"तेच म्हणतेय मी. हलवा!"